रुमालाखालची मजुरी

हुमनाबादला हायवेच्या कडेने आमची गॅरेजांची लाइन आहे. पत्र्याच्या शेडांची रांग, मधे दोन टायरवाले, एक लेथवाला आणि चहाच्या टपरीसमोर एक लांब बाक. त्या बाकावर बाराही महिने कुणाचे ना कुणाचे ड्रायव्हर गाडी होईपर्यंत बसून असतात. या लाइनीत मजुरी बोलून ठरत नाही, दाबून ठरते. गाडीचा मालक आणि मिस्त्री समोरासमोर बसतात, एकाच्या खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला जातो आणि आत बोटं धरली जातात. एक बोट म्हणजे एक हजार, पाचही धरली म्हणजे पाच. वर तोंडाने तुरीच्या भावाच्या गप्पा चालू असतात. बाकावरच्या ड्रायव्हरांना कळतं की सौदा चाललाय, पण कितीचा ते कळत नाही.

ही रीत मेंढरांच्या बाजारातली. लाइनीत ती मी आणली, आणि हे मी कित्येक वर्षं मिरवत आलो. माझा बाप हुलसूरकडच्या गावातून मेंढरं हाकत बाजाराला यायचा. सौदा करताना मला शेजारी बसवायचा. व्यापाऱ्याचे डोळे बघू नको, म्हणायचा, अंगठा बघ. खोटं दाबणाऱ्याचा अंगठा थरथरतो. मी मेंढरांच्या मागे राहिलो नाही. जहीराबादला, मग उदगीरला, गॅरेजांमधून पाने उचलत, शिव्या खात इंजिन शिकलो. पण बापाचा रुमाल माझ्याबरोबर आला. स्वतःची शेड टाकली तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाचा हात मी रुमालाखाली ओढला होता. तो हसला, पण त्यालाही बाजार माहीत होता. पुढे सगळी लाइन तसंच करायला लागली.

लपवायचं का, तर दर फुटू नये म्हणून. शेजाऱ्याला माझा आकडा कळला की तो पाचशे कमी सांगणार. त्यापेक्षा प्रत्येकाने आपापलं झाकून ठेवावं आणि मनातल्या मनात समजावं की सगळ्यात जास्त आपल्यालाच मिळतं. मी तसंच समजत होतो. मी भांडकुदळ आहे, सौद्यात माझ्याशी कुणी टिकत नाही, हे लाइनीत सगळे जाणून होते.

ज्या मालकाशी माझं सगळ्यात जास्त काम चालायचं त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. गावातलाच. एका जुन्या लॉरीवर सुरुवात करून आता अकरा गाड्या झाल्यात. आम्ही दोघांनी आपापलं शून्यातून उभं केलं, म्हणून मला त्याच्याबद्दल आपलेपणा होता. बावीस वर्षं त्याच्या गाड्यांची इंजिनं मी बांधली. पूर्ण इंजिन उतरवून, लायनर-पिस्टन बदलून, परत चढवून चालू करून द्यायचे शेवटी शेवटी तो मला बारा हजार द्यायचा. आमच्या शेडसमोर एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. अण्णाच्या निम्म्या गाड्या त्यांच्याकडे जातात. मी एकदा रुमालाखाली विचारलं होतं, चाचाला किती देता? अण्णाने माझी पाच बोटं धरली, मग चार. नऊ. मी अंगठा बघितला. जराही हलला नाही. त्या दिवशी मी बाराचे साडेअकरा मान्य केले होते, कारण नऊच्या मानाने साडेअकरा मला फार वाटले.

आता मिस्त्रीची कमाई नुसती मजुरीची नसते, हे गाडीवाल्यांना माहीत असतं आणि तरी कुणी बोलत नाही. इंजिनाला पन्नास-पंचावन्न हजारांचं सामान लागतं. कोणत्या दुकानातून आणायचं ते मिस्त्री सांगतो, म्हणून दुकानदार मिस्त्रीला शेकडा दहा देतो. शिवाय डब्यांमधून कुपनं निघतात. बेअरिंगच्या डब्यात, क्लच प्लेटच्या डब्यात, ऑइलच्या कॅनच्या झाकणाखाली. पूर्वी ती जमवून दुकानात द्यायची, आता त्यावर ठिपक्यांचा चौकोन असतो, फोन धरला की पैसे जमा होतात. कुठे वीस, कुठे पन्नास. डबा फोडायचा, कुपन खिशात टाकायचं, मग सामान हातात घ्यायचं, हे माझ्या हातांना इतकं सवयीचं झालं होतं की मला कळतही नसे. एका इंजिनामागे दुकानातून आणि डब्यांतून मिळून सहाएक हजार व्हायचे. ते मी अण्णाच्या नकळत घेतो असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर त्यात थोडी मजाही होती. सौद्यात बारा, आणि वर सहा त्याच्या खिशातून त्याला न कळता.

हे सगळं एका फॉर्मने मोडलं.

गॅरेजवाल्यांना कामगार कार्ड मिळणार म्हणून शाळेच्या व्हरांड्यात टेबल लागलं होतं. आमची अख्खी लाइन शेड बंद करून रांगेत उभी. टेबलावर लॅपटॉप घेऊन एक मुलगी बसली होती, कानडी-मराठी दोन्ही सफाईने बोलणारी. माझ्यापुढे चाचा होते. नाव-गाव झालं आणि तिने विचारलं, "महिन्याची कमाई किती?"

चाचा हसले. "वो तो अल्लाह जाने."

"असं न्हाई चालत चाचा. खाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढं जात न्हाई."

"कोई महिना चार इंजन, कोई महिना दो. कैसा बोलूँ?"

मुलगी हुशार. "मग एका इंजिनाचं सांगा. मी गुणून काढते."

चाचांनी क्षणभरही विचार न करता, अख्खी रांग ऐकेल अशा आवाजात सांगितलं, "अठरा हजार."

मला वाटलं, म्हातारा कार्डाच्या नादात फुगवून सांगतोय. मी मागून म्हणालो, "चाचा, कार्डाला कमी सांगायचं असतंय. अठरा कोण देतंय?"

"हौ, अठराच. अण्णा देता ना. पूछ लो."

"अण्णा? तुम्हाला अठरा देतो?"

"कब से देरा. दुकान का कमिशन नक्को बोलके मैं पैले दिन सेच बोल दिया उसकू. सामान तू ला, कुपन-बिपन तूच रख, मेरेकू मेरी मजूरी दे. तुमकू क्या देता?"

माझ्या मागे दहा-बारा जण उभे होते. त्यांच्यासमोर मी बारा म्हणू शकलो नाही. मी रांगेतून बाहेर पडलो. मुलगी मागून हाका मारत होती, "काका, तुमचा नंबर आलाय!" मी वळलो नाही. चालत चालत हायवेपर्यंत आलो तोवर डोक्यात एकच हिशेब फिरत होता. बारा मजुरी. सहा दुकान आणि डबे. बारा आणि सहा अठरा.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. एका गाडीचं इंजिन उतरवायचं होतं. नेहमीसारखा टपरीच्या बाकापाशी माझ्यासमोर बसला, चहा मागवला आणि खांद्यावरचा रुमाल काढून हात पुढे केला. मी हात दिला नाही.

"काय झालं मिस्त्री? कामून तोंड फुगवून बसलास?"

"चाचाला अठरा आन् मला बारा. कामून?"

त्याने बाकावर बसलेल्या ड्रायव्हरांकडे पाहिलं. "हळू बोल की."

"न्हाई. हळू बोलून बावीस वर्षं गेली."

"बरं, मग ऐक." त्याने रुमाल मांडीवर घडी करून ठेवला. त्याला राग आलेला नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. "तुला बारा मी देतो. सहा दुकानदार देतो. दुकानदार कुणाच्या खिशातून देतो? त्याच्या बापाच्या? झाले का न्हाई अठरा?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या गाडीपासून. चाचाचं इंजिन आन् तुझं इंजिन, दोन्ही मला एकाच भावात पडतेत. तू डबे फोडायलास, मी बघायलोय. मी कधी काही म्हटलं?"

मला वाटायचं की मी त्याला फसवतो. त्याला वाटत होतं की मी फसवतोय असं मला वाटू द्यावं. बावीस वर्षं मी माझीच मजुरी, माझ्याच शेडमध्ये, दाराकडे बघत बघत खिशात घालत होतो. दुकानात शिरताना गिऱ्हाईक बरोबर असलं की डोळ्याने खूण करायची, संध्याकाळी एकट्याने परत जायचं, काउंटरच्या कोपऱ्यात नोटा घ्यायच्या. चाचा मात्र तेवढेच पैसे मजुरी म्हणून, सरळ अण्णाच्या हातून घेत होते.

"मग चाचाला नऊ देतो म्हणून बोटं कामून दाबलीस?" मी ओरडलो. त्याला मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. ते तोंडातून गेलं.

अण्णाने चहाचा घोट घेतला. "तू खूश व्हायचास म्हून. तुला नऊ सांगितलं की तू पाचशे कमी करायचास. तुला जास्त पाहिजे न्हाई मिस्त्री. तुला दुसऱ्यापेक्षा जास्त पाहिजे."

बाकावर कुणीतरी हसलं. मी हातातला ग्लास फेकला. तो अण्णाला लागला नाही, त्याच्या गाडीच्या चाकावर फुटला. टपरीवाला म्हणाला, "दहा रुपये झाले, मिस्त्री," आणि सगळी लाइन हसली. मी खिशातून दहाची नोट काढून त्याच्यासमोर टाकली.

"आजपासून अठरा," मी म्हणालो. "सामान तुम्ही आणा. डब्यातलं काही मला नको. आन् आकडा इथं, सगळ्यांसमोर, तोंडाने बोला."

"रुमालाखाली अठरा देतो की."

"तोंडाने."

तो म्हणाला, "बोललो तर तुझंच नुकसान हाय. बघ."

"बोला."

"अठरा," अण्णा म्हणाला. मोठ्याने, बाक ऐकेल असं. मग रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि गाडीकडे गेला.

त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकलो. संध्याकाळी मी दुकानात जाऊन सांगितलं की यापुढे माझ्या कुठल्याच गिऱ्हाइकाच्या बिलावर मला दहा टक्के नकोत, तेवढे बिलातून कमी करा. दुकानदार म्हणाला, "बिल कमी कसं होईल? तुम्हाला नको असतील तर ते आमचे." आणि झालं तसंच. जे गिऱ्हाईक स्वतः सामान आणत नाहीत, त्यांना सामान त्याच भावात पडायला लागलं, वर माझी मजुरी अठरा. त्यांना माझं इंजिन एकदम सहा हजारांनी महाग झालं. मी त्यांना समजावून सांगायचो, पूर्वी हेच सहा तुम्ही दुकानातून मला देत होता. ते म्हणायचे, "मग आता दुकानदाराला कामून देऊ?" मी म्हणायचो, स्वतः हैदराबादहून आणा. ते म्हणायचे, "आम्हाला सामानातलं कळत असतं तर तुमच्याकडे कामून आलो असतो?" बिदरकडच्या, नौबादच्या दोन जुन्या गाड्या अशाच गेल्या.

आणि अण्णाचं म्हणणं खरं ठरलं. आकडा बाकावरच्या ड्रायव्हरांबरोबर सगळीकडे गेला. लाइनीच्या टोकाला एक नवी शेड होती. तिथे कुणी विचारलं तर आता सरळ सांगायला लागले, "ते अठरा घेतेत, आम्ही साडेसोळा." रुमाल होता तोवर त्यांना काय कमी सांगायचं ते माहीत नव्हतं. महिन्याला तीन इंजिनं व्हायची, ती दोनावर आली.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आधी अठराच मिळत होते ना?"

"व्हय."

"आन् आता?"

"आताही अठराच. पण उघड."

"उघड्याचं काय करायचं?" ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मला राग आला, पण तिच्यावर काढण्यासारखा नव्हता. ती फक्त विचारत होती.

अण्णा मात्र येत राहिला. शब्दाला पक्का निघाला, हे मला मान्य करावं लागतं. सामान स्वतः हैदराबादहून आणायचा, पोत्यात भरून. डबे फोडलेले असायचे, झाकणं परत नीट चिकटवलेली. कुपनं आधीच काढून घेतलेली. त्याचा हक्कच होता. मीच नको म्हटलं होतं. तरी प्रत्येक डबा उघडताना माझी बोटं झाकणाच्या आत फिरायची आणि रिकामी परत यायची. वीस-पन्नास रुपयांची गोष्ट, पण चिडचिड दिवसभर पुरायची. एकदा चाचा समोरून बघत होते. म्हणाले, "आदत जाती नै, भाई. मेरी भी तीन बरस तक गई नै थी." चाचाही एकेकाळी डबे फोडत होते, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या महिन्यात अण्णाचं एक इंजिन झालं. चालू करून ऐकलं, धूर बघितला, पाणी-ऑइल बघितलं. आवाज एकसारखा होता. अण्णा पैसे घेऊन आला तोवर मी रिकामे डबे पोत्यात भरत होतो. ऑइल फिल्टरच्या डब्यात काहीतरी खुळखुळलं. आत कुपन. पन्नासचं. एवढ्या डब्यांमधलं हेच कसं राहिलं? अण्णासारख्याचं कुपन राहत नाही. मला आजही वाटतं की त्याने मुद्दाम ठेवलं होतं. विचारलं मात्र नाही.

मी बाकापाशी गेलो आणि कुपन त्याच्यासमोर धरलं. "अण्णा, हे राहिलंय तुमचं."

"असू दे की. चहाला ठेव."

"चहाचे माझ्याकडे हायत."

"पन्नास रुपये हायत मिस्त्री! एवढ्यावर कामून अडायलास?"

"मग मजुरीत धरा," मी म्हणालो. फोन काढला, कुपनावर धरला, पन्नास जमा झाल्याचा आवाज आला. "झाले पन्नास. आता सतरा हजार नऊशे पन्नास द्या."

अण्णाने अठरा हजार मोजून माझ्या हातावर ठेवले. मी खिशातून पन्नासची नोट काढून त्याच्या रुमालावर ठेवली. तो नोटेकडे आणि माझ्याकडे बघत राहिला. बाकावरचा एक ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, घ्या. न्हाईतर ग्लास फेकतेत." सगळे हसले. अण्णाही. त्याने नोट उचलली. त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. पाठ दुखत होती आणि घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं.

मागच्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात परत टेबल लागलं. माझा फॉर्म अर्धाच राहिला होता. तीच मुलगी होती. तिने मला ओळखलं. "काका, त्या दिवशी पळून गेलात. आता सांगा, महिन्याची कमाई किती?"

या वेळी मला विचार करावा लागला नाही. दोन इंजिनं, अठराप्रमाणे छत्तीस. शेडचं भाडं, वीज, इंजिन उतरवायला-चढवायला लागणारी माणसं जाऊन चोवीस. आयुष्यात पहिल्यांदा मला एका दमात सांगता आलं. दुकानातले किती, डब्यातले किती, कुणाला सांगायचे, कुणापासून झाकायचे, काही नाही. "चोवीस हजार," मी म्हणालो.

ती टाइप करायला थांबली. खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "थोडं कमी सांगा काका. चाचांचं बी मी कमी करूनच लिवलं. एवढं लिवलं तर वरून विचारतेत."

"हाय तेवढं लिव."

तिने लिहिलं. मग पडद्यावर वर-खाली बघून म्हणाली, "तुमच्या लाइनीत सगळ्यात जास्त तुमचंच हाय."

क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. मी मागे वळून बघितलं. लाइनीतले चार-पाच जण नवीन फॉर्मसाठी उभे होते. ते सगळे आठ, दहा, बारा सांगणार होते, आणि त्यातल्या निदान दोघांची कमाई माझ्यापेक्षा जास्त होती. मग दुसऱ्यापेक्षा जास्त पाहिजे, हे अण्णाचं बाकावरचं बोलणं आठवलं आणि मी मान फिरवली.

"अंगठा द्या," मुलगी म्हणाली आणि छोटं यंत्र पुढे सरकवलं. माझा अंगठा उठेना. तीस-पस्तीस वर्षं पाने फिरवून त्याच्या रेघा गेल्यात. तिने रुमालाने पुसायला सांगितला, परत दाबायला सांगितला. चौथ्या वेळेला उठला.